नाल्यापलीकडची नोंद

सावरबोडीच्या पोलीस पाटील दुर्गाबाई यांना स्वतःच्या दोन गोष्टींचा अभिमान होता. एक अक्षराचा आणि दुसरा नजरेचा. एसडीओ साहेबांसमोर लेखी-तोंडी परीक्षा देऊन, सहा पुरुष उमेदवारांना मागे टाकून त्या पोलीस पाटील झाल्या, तेव्हा गावातल्या चार मिशाळांनी "आता बाई चोर धरन!" म्हणत पोट धरून हसून घेतलं होतं. पहिल्याच वर्षी बाईंनी ग्रामपंचायतीची पाण्याची मोटार पळवणारा धरला, आणि तो त्या चार मिशाळांपैकीच एकाचा जावई निघाला. तेव्हापासून हसणं बंद झालं. दुर्गाबाईंनी लिहिलं म्हणजे तसं घडलंच असणार, असं गाव धरून चालायचं, आणि खरं सांगायचं तर दुर्गाबाईही तसंच धरून चालायच्या. घोडं तिथंच पेंड खात होतं.

माघ महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी अमरचा बैल गेला. बैल म्हणजे साधासुधा नांगराचा नव्हे. बादल, पटाचा बैल. आमच्याकडे धान घरात आलं की शंकरपटाचे दिवस येतात. गावोगाव बैलजोड्या धावतात आणि माणसं आपल्या लेकराचं नाव घ्यावं तसं जिंकलेल्या बैलाचं नाव घेतात. अमर हा सावरबोडीतला तिशीच्या आतला, धट्टाकट्टा, तोंडाळ शेतकरी. स्वतः आंबील पिऊन राहील, पण बादलला दूध, गूळ आणि जवसाची ढेप, म्हणजे पेंड, वेळेवर. येत्या शनिवारी मोठा पट होता. रविवारी अमर छकड्याचं चाक नीट करून घ्यायला लाखनीला गेला, कारागिराने उशीर केला म्हणून तिथंच मुक्कामी राहिला, आणि सोमवारी आठ वाजता घरी येऊन पाहतो तर खुंट्याला नुसता दोर.

आता हा दोरच कुंदनच्या गळ्याला लागला. कुंदन गावाचा गुराखी. गावची दीडशे ढोरं तो नाल्याकाठी चारायचा आणि संध्याकाळी बादललाही धुऊन आणायचा. बैल जाण्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी, बादलच्या पायाला कुठं तरी खरचटलं आणि अमरने भर बोअरिंगवर, बायका पाणी भरत असताना, कुंदनच्या कानफटात वाजवली. कुंदनने गाल चोळत म्हटलं होतं, "मार, मार! एक दिवस खुट्याले नुसता दोर दिसन तुले!" पाणी भरणाऱ्या बायकांत दुर्गाबाईही होत्या.

झालं. सोमवारी सकाळपासून लोकांनी कुंदनला अमरच्या अंगणात बसवून ठेवलं, आणि दुर्गाबाईंनी पेनाचं टोपण काढून ठाण्याला खबर लिहिली. सुरेख, गोलाकार अक्षरात, एकही काटाकूट नाही. "फिर्यादी अमर हे लाखनी येथे मुक्कामी होते व त्यांची आई बेबीबाई ह्या पहाटेच माहेरी गेल्याने घरी कोणी हजर नव्हते. खुंट्यास फक्त दोर मिळून आला. गुराखी कुंदन याने दोन दिवसांपूर्वी तशीच धमकी दिल्याचे मी स्वतः ऐकले आहे. माझा संशय त्याचेवर आहे." खाली सही आणि शिक्का. संध्याकाळी ठाण्याची गाडी आली आणि कुंदनला घेऊन गेली. दुर्गाबाई त्या रात्री शांत झोपल्या.

मंगळवारी सकाळी सात वाजता कुंदनची बायको खुशबू त्यांच्या दारात उभी राहिली. दुर्गाबाईंना वाटलं, आता ही रडणार, पाया पडणार. समजूत घालायची चार वाक्यं त्यांनी तयार ठेवली होती. खुशबू रडली नाही.

"पाटलीनबाई, एक इचारू का?" ती म्हणाली. "तुमी लिवलं ना, का यानंच बैल नेला. ते तुमी पायलं, का नुसतं लिवलं?"

"अवं, मी माह्या कानानं आयकलं त्याले बोलताना."

"बोलला तं बोलला. गालावर पाची बोटं उठल्यावर माणूस काय आरती म्हनन? मी इचारून राहिलो, पायलं का? कोठा पायला? वाट पायली? माग काढला?"

कोठ्यात, म्हणजे अमरच्या गोठ्यात, दुर्गाबाई गेल्या होत्या, दोर पाहिला होता, आणि तिथूनच परत फिरल्या होत्या. दोर दिसला, धमकी आठवली, पेन चाललं.

"आज तीन वाजता त्याले कोर्टात नेतेत म्हने," खुशबू म्हणाली. "तिथून जेलात. मंग सुटला तरी आपली ढोरं त्याच्या हवाली कोन करन? तुमचं अक्षर चांगलं हाये बाई. सारे वाचतेत." एवढं बोलून ती गेली.

दुर्गाबाईंना लाज वाटली. गेल्या कित्येक वर्षांत वाटली नव्हती एवढी वाटली. चूल तशीच सोडून त्या अमरच्या कोठ्याकडे निघाल्या.

त्यांचे सासरे जुन्या काळचे पाटील. ते सांगायचे, ठाणं-बिणं हे कालचं पोर, त्याच्या आधी गावं स्वतःच चोर धरायची. ढोर चोरीला गेलं की गावचा कोतवाल खुराचा माग काढत शिवेपर्यंत जायचा. शिवेवरच्या शेवटच्या खुणेवर टोपली पालथी घालायची, पलीकडच्या गावाला हाक मारायची, आणि पाच माणसांसमोर टोपली उचलून माग त्यांच्या हवाली करायचा. त्यांनी तो पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. ज्या गावाच्या शिवेत माग हरवेल त्या गावाने भरपाई करायची. असा एक माग म्हणे सात गावं चालत गेला आणि आठव्या गावात म्हैस सापडली. दुर्गाबाईंनी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती आणि शंभरही वेळा कंटाळल्या होत्या.

आज त्या कोठ्यापासून खाली वाकून चालू लागल्या. बादलच्या खुरांना पटासाठी नवी पत्री ठोकलेली होती, त्यामुळे त्याची खूण साऱ्या गावात वेगळी. पण दुसऱ्या दिवशी ती शिल्लक राहावी कशी? दीडशे ढोरं रोज याच पांदणीने नाल्यावर जातात, सगळा मातीचा भुगा करून टाकतात. आणि तरीही खूण होती, स्वच्छ, आत्ताच उमटल्यासारखी. दुर्गाबाई क्षणभर चक्रावल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. काल सकाळपासून ढोरं घरोघरी खुंट्यालाच हंबरत होती. ती नेणाराच धरून ठेवलेला होता. कुंदनला आत टाकलं म्हणून कुंदनचा पुरावा वाचला होता.

नाल्याच्या काठच्या ओल्या गाळात तर सगळं लिहून ठेवल्यासारखं होतं. बैलाच्या पुढे माणसाची पावलं होती. अनवाणी, लहान, टाचांना भेगा पडलेली. कुंदन बारा महिने टायरच्या चपला घालायचा आणि त्याचा पाय म्हणजे सूप होतं. शिवाय चोर बैलाला मागून हाकतो, इथं माणूस पुढे आणि बैल त्याच्या मागोमाग आपखुशीने चाललेला. मध्येच ढेपेचा चुरा सांडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. माग सरळ पाण्यात उतरला होता आणि पलीकडे उमरटोल्याच्या काठावर चढला होता.

इथं दुर्गाबाई थांबल्या. नाला फार तर वीस पावलांचा, माघात घोट्याएवढं पाणी. पण नव्याण्णवच्या मे महिन्यात भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा रेघ नेमकी या नाल्यातून गेली. सावरबोडी भंडाऱ्यात राहिली, उमरटोला गोंदियात गेला. सोयरीक तीच, नाला तोच, फक्त ठाणं वेगळं, तहसील वेगळं, एसपी साहेब वेगळे. उमरटोल्याच्या घरांत शिरून कोठे तपासण्याचा त्यांना काडीचा अधिकार नव्हता, आणि त्यांनी एकटीने काही पाहिलं तरी कुंदन सुटणार नव्हता. ठाणेदारांनीच पाहायला हवं होतं. त्यांनी घरून बांबूची टोपली आणली, गाळातल्या सर्वांत ठसठशीत खुणेवर पालथी घातली, वर दगड ठेवला, लुनाला किक मारली आणि हायवेवरच्या ठाण्याचा रस्ता धरला.

ठाण्यात त्या वेळी ठाणेदार होत्या करुणा मॅडम. सांगलीकडच्या, जेमतेम सव्वीस वर्षांच्या, परीक्षा देऊन थेट उपअधीक्षक झालेल्या. नेमणूक अजून शिकाऊ होती, पण शिकण्याचा भाग म्हणून तीन महिने या ठाण्याचा पूर्ण ताबा त्यांच्याकडे होता. हुशार बाई. कोठडीतल्या माणसावर हात टाकायचा नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या जमादारांना बजावलं होतं आणि ते त्यांनी पाळून घेतलं होतं. त्यांच्या खुर्चीमागे त्यांनी स्वतः काढलेला एक रंगीत तक्ता होता. 'पाच देश, पाच पोलीस.' अकादमीत त्याला बक्षीस मिळालेलं.

दुर्गाबाई पोहोचल्या तेव्हा अकरा वाजत आले होते. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हीच दिलेली खबर चुकीची आहे, असं तुम्ही म्हणताय?"

"हो मॅडम. मीच लिवली, मीच चुकलो." दुर्गाबाईंनी एका दमात सांगून टाकलं. "तुमी माह्यासंगं नाल्यावर चाला. माग उमरटोल्यात गेला हाये."

करुणा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "उमरटोला गोंदिया जिल्ह्यात. आम्ही आमच्या एसपी ऑफिसला कळवायचं, ते गोंदियाच्या एसपी ऑफिसला, ते त्यांच्या ठाण्याला. दोन दिवस तरी जातील."

"आन् कुंदनले तीन वाजता नेता."

"चोवीस तासांच्या आत न्यावंच लागतं."

दुर्गाबाई तक्त्याकडे बघत होत्या. चौकोन, बाण, झेंडे. "हे काय हाये मॅडम?"

मॅडमचा चेहरा खुलला. आवडता विषय निघाला की माणूस घड्याळ विसरतो. "हे बघा, इंग्लंड. तिथं साऱ्या देशाचं एक पोलीस दल नाही. आपल्या जिल्ह्यासारखा भाग असतो, एकेका भागाचं किंवा दोन-तीन भागांचं मिळून स्वतंत्र दल, त्याचा प्रमुख वेगळा. अमेरिकेत तर विचारू नका. शहराचं वेगळं, जिल्ह्याच्या शेरीफचं वेगळं, राज्याचं वेगळं. दहा-बारा पोलिसांचंसुद्धा एक दल असतं. आणि शेरीफ तर लोक मतं देऊन निवडतात."

"सरपंचासारखा?"

"तसंच. फ्रान्समध्ये उलट. सगळा कारभार राजधानीतून. शहरांना एक पोलीस आणि खेड्यांना दुसरं, लष्करी शिस्तीचं दल. जर्मनीत आपल्यासारखं, ज्या त्या राज्याचं पोलीस खातं. आणि हा जपान. प्रत्येक विभागाचे पोलीस वेगळे, पण गल्लीबोळात छोट्या चौक्या. खेड्यात तर पोलीस बायकोपोरांसकट चौकीतच राहतो. लोकांच्या लग्नाला जातो, मयतीला जातो, कोणाच्या घरी पाहुणा आला तेही त्याला ठाऊक असतं."

"मंग तो तं अमच्यासारखाच झाला," दुर्गाबाई म्हणाल्या. "फक्त त्याले पगार मिळत असन." मॅडम हसल्या. दुर्गाबाई हसल्या नाहीत. त्या तक्त्याजवळ गेल्या आणि पाचही झेंड्यांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "मॅडम, यातल्या कोन्त्या देशात बैल नाल्यापलीकडं गेला तं पोलीस अलीकडं उभा राह्यते?"

तक्त्याकडे करुणा मॅडमनी पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. मग खरं तेच बोलल्या. ही त्यांची चांगली सवय होती.

"सगळ्याच," त्या म्हणाल्या. "रेघ काढली की माणूस तिच्यापाशी थांबतोच, दुर्गाबाई. रेघ ओलांडायची रीत प्रत्येकाने आपापली काढलेली असते."

"अमची बी हाये." आणि दुर्गाबाईंनी सासऱ्यांची कंटाळवाणी गोष्ट सांगितली. टोपली, शीव, पाच माणसं, माग हवाली करणं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं, गोष्ट मुळीच कंटाळवाणी नव्हती. "आपल्याले पलीकडं जाचंच नाई. अमच्या शिवंत उभं राहून उमरटोल्याच्या पोलीस पाटलाले हाक मारू. गोमाजीभाऊ हायेत, जुना माणूस हाये. माग त्यांच्या हवाली करू. आपला माग अमच्या शिवंतून बाहेर गेला, हे पंचाईसमोर तुमाले कागदावर घेता येते का नाई?"

"येतं," मॅडम उठत म्हणाल्या. "आणि खरं तर तपासासाठी पलीकडे जायलाही कायदा अडवत नाही. त्यांना कळवायचं, एवढंच. अडवते ती आमची सवय." जाता जाता त्यांनी टेबलावरचा फोन उचलून पलीकडच्या ठाण्याला निरोप दिला, त्याला पुरता एक मिनिटही लागला नाही.

साडेबाराला अर्धी सावरबोडी नाल्यावर जमली. पंच म्हणून पाच जण, आणि बाकीचे पंच होण्याच्या हौसेने आलेले. अमर एका बाजूला हाताची घडी घालून उभा होता. खुशबूही आली होती, सगळ्यांच्या मागे. गोमाजीच्या नावाने हाका सुरू झाल्या. पलीकडून एका बाईने ओरडून सांगितलं की गोमाजीभाऊ काल सकाळपासून गोंदियाला गेले आहेत, पोलीस पाटलांची मीटिंग होती, एक वाजताच्या गाडीने येतील. उमरटोल्याच्या घरांत शिरायचं तर त्या गावचा पाटील सोबत हवाच, म्हणून सगळे वाट बघत बसले. करुणा मॅडम दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होत्या आणि दुर्गाबाई टोपलीपाशी उकिडव्या बसून राहिल्या होत्या. आपली चूक आपल्याच टोपलीखाली आहे आणि तिच्यावर बसून पहारा करतोय, असं त्यांना वाटत होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी गोमाजी आले. उमरटोल्याचे पोलीस पाटील, साठीला टेकलेले, डोक्यावर टोपी, काखेत नोंदवही. ती वही ते जेवतानासुद्धा मांडीखाली ठेवत अशी ख्याती होती. धोतर वर खोचून ते पाण्यात उतरले आणि नाल्याच्या बरोबर मधोमध येऊन थांबले. पुढे भंडारा जिल्हा.

"या भाऊ," दुर्गाबाई उभ्या राहिल्या. आवाज त्यांनी पाटलाच्या सुनेसारखा खणखणीत ठेवला. "सावरबोडीच्या शिवंतून बैलाचा माग निंघला. अमी इथपर्यंत आणला. पंच हायेत, ठाणेदार मॅडम हायेत. माग हवाली घ्या." आणि त्यांनी टोपली उचलली.

गोमाजींनी उरलेलं पाणी ओलांडून, वाकून पत्रीची खूण पाहिली. मग शेजारची भेगाळ टाच पाहिली. मग टोपी मागे सरकवून एकवार आपल्या गावाकडे पाहिलं.

"घेता का नाई भाऊ?"

"घ्याचा काय वं त्याच्यात," गोमाजी म्हणाले. "बैल तं माह्या कोठ्यात बांधून हाये. काल पायटेपासून."

काठावर एकदम गलका उठला. अमर पाण्यात उडी टाकायच्या बेतात होता, त्याला दोघांनी धरला. गोमाजींना गलक्याचा अर्थच कळेना. ज्याने काही लपवलेलं नाही अशा माणसाच्या शांतपणाने त्यांनी वही उघडली आणि चष्मा लावून वाचलं, "सोमवार. सकाळी साडेसहा वाजता. माझी बहीण बेबीबाई, राहणार सावरबोडी, ही बैल एक, रंग पांढरा, नाव बादल, घेऊन पाहुणी आली. शनिवारचे पटापर्यंत राहणार. सही." चष्मा काढून ते म्हणाले, "जाता जाता माह्या ठाण्यातबी लिहून देल्लं. नवं ढोर गावात आलं का कळवा म्हणतेत. मंग गोंदियाले गेलो, तो आता येऊन राहिलो. काहून? काय झालं?"

तेवढ्यात त्यांच्या मागून बेबीबाईच आल्या. अमरची आई, साठी उलटलेली, अनवाणी, ओच्यात ढेपेचा तुकडा. एवढी माणसं पाहून त्यांनी आधी लेकालाच फैलावर घेतलं. "काहून बोंबलून राहिला रे? पटाच्या आधी बैल लपवाव लागते, माहीत नाई तुले? तुह्या आज्यानं लपवला, तुह्या बापानं लपवला. तू साऱ्या लाखनीत सांगत फिरतं, माहा बैल असा अन् माहा बैल तसा. लागन ना नजर! मनून आणला मायेरी. दोर ठिवला तिथंच, का चोराच्या नजरेले दोर दिसला पायजे, बैल नाई. काळा धागा बांधला अन् ढेप दाखवत आणला. तुले सांगतलं असतं तं तू गावात डफडं वाजवलं असतं."

"मावशी," दुर्गाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "कुंदनले पकडून नेलं. बैल चोरला मनून."

बेबीबाईंच्या ओच्यातली ढेप पाण्यात पडली. त्या तिथंच काठावर बसल्या. "अरे देवा. मले कोणी सांगतलं काहून नाई? रोज तं तो कुंदनच सांगते ना, इकडचं तिकडं."

तेच तर होतं. सावरबोडीची बातमी उमरटोल्यात कुंदन न्यायचा, नाल्यावर दोन्ही गावांची ढोरं एकत्र चरताना. तो कोठडीत, म्हणून बातमी अलीकडेच अडली. आणि करुणा मॅडम गोमाजींची वही हातात घेऊन पुन्हा पुन्हा ती ओळ वाचत होत्या. "साडेसहाची नोंद," त्या म्हणाल्या. "आमच्या फिर्यादीच्या चार तास आधीची. पलीकडच्या ठाण्याच्या टेबलावर कालपासून पडून आहे, आणि मघाशी मी फोन केला तेव्हाही कोणी बघितली नाही."

"पडूनच राहीन मॅडम," गोमाजी म्हणाले. "पयले मी अन् दुर्गाबाई एकाच ठाण्यात दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी बसत होतो. चहा पेत पेत एकमेकाच्या वह्या वाचत होतो. तिच्याकडचं ढोर माह्याकडं आलं तं तिथंच समजे. आता तिचं ठाणं इकडं, माहं तिकडं. तीन वर्स झाले, आमी एकमेकाची वही पायली नाई."

दुर्गाबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचीच खबर उभी होती. गोलाकार अक्षरात, दुसऱ्या ओळीत. 'त्यांची आई बेबीबाई ह्या पहाटेच माहेरी गेल्याने.' माहेर कुठलं, तर उमरटोला. गेली कधी, तर पहाटे. बैल गेला कधी, तर पहाटे. उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि खाली नाव मात्र दुसऱ्याचं घातलं होतं. नाल्याला, ठाण्याला, जिल्ह्याला दोष द्यायला जागा होती. पण ही ओळ काही गोंदियात लिहिली गेली नव्हती.

पंचनामा तिथंच नाल्याच्या काठावर झाला. करुणा मॅडमनी मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून तो स्वतः लिहिला. अडीचला गाडी ठाण्यात पोहोचली आणि तीनला, ज्या गाडीने कुंदन कोर्टात जायचा, त्याच गाडीने तो सुटकेचा कागद खिशात घालून सावरबोडीला आला.

बोअरिंगवर उतरल्यावर त्याला माणसांचा गराडा पडला. अमरने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला, आणि हात झटकला गेल्यावर मुकाट्याने बाजूला झाला. मग दुर्गाबाई पुढे आल्या. आडपडदा न ठेवता, शनिवारी जिथं थप्पड वाजली होती त्याच फरशीवर उभ्या राहून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"आयका. मी खबर लिवली, कुंदनवर संशय हाये मनून. मी माग नाई पायला, कोठा नीट नाई पायला, नुसतं आयकलं अन् लिवलं. चुकी माही हाये. कुंदनन कायी नाई केलं."

एवढ्याशा गावात पोलीस पाटलाने असं बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. कोणी तरी "जाऊ द्या ना बाई" म्हणालं.

"जाऊ काहून द्याचं?" कुंदन म्हणाला. "बोललं ते वाऱ्यानं जाते. लिवलं ते राह्यते. हे बी लिवा."

दुर्गाबाईंनी वही तिथंच गुडघ्यावर घेऊन लिहिलं, जसं बोलल्या तसंच, सही केली, आणि मोठ्याने वाचून दाखवलं. खुशबूने दोनदा वाचायला लावलं.

शनिवारच्या पटात बादल दुसरा आला. बेबीबाईंचं म्हणणं असं की पहिलाच यायचा, पण पोलिसांची नजर लागली. करुणा मॅडमचे तीन महिने संपले आणि त्या गेल्या. जाताना तक्ता गुंडाळून नेला. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने एक सहावा चौकोन काढला होता, दोन रेघांचा नाला आणि त्यात एक पालथी टोपली, असं ठाण्यातला जमादार सांगतो.

आणि बुधवार पुन्हा सुरू झाला. ठाण्यात नाही, नाल्यावर. दुर्गाबाई अलीकडच्या दगडावर, गोमाजी पलीकडच्या. मध्ये वीस पावलांचं पाणी. दोघं आपापल्या जिल्ह्यात बसून आपापली वही मोठ्याने वाचतात. कोणाकडे पाहुणा आला, कोणाचं ढोर हरवलं, कोण नवा माणूस दिसला. वाचून झालं की गोमाजी पाण्यातून चहाचा डबा घेऊन येतात. त्याची नोंद दोघंही करत नाहीत.

चहा होईस्तोवर कुंदनची ढोरं काठावर येतात. कुंदन काठी टेकून दुर्गाबाईंपाशी उभा राहतो.

"पाटलीनबाई, माहं नाव हाये का त्याच्यात?"

"नाई रे बाबा."

"दाखवा."

दुर्गाबाई एकदाही चिडल्या नाहीत. त्या वही उलटी करून त्याच्यासमोर धरतात. कुंदनला वाचता येत नाही. तरी वरच्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत सबंध पान तो नीट पाहून घेतो, आणि मगच ढोरं पाण्यात घालतो.